शेऱ्याचा रकाना



 शुश्रूषेच्या क्षेत्रात संशोधन कुठल्या दिशेने चालले आहे, कोणते विषय पुन्हा पुन्हा हाताळले जातात आणि कोणते अस्पर्श राहतात, याचा नकाशा काढण्याचे काम गेल्या काही वर्षांत जगभर जोमाने सुरू आहे. त्या नकाशाविषयी आज बोलायचे आहे. हा विषय एखाद्या विद्यापीठाच्या वातानुकूलित सभागृहातही मांडता आला असता. पण मुंबईला पाणी पुरवणाऱ्या वैतरणेच्या खोऱ्यात, दहांतले नऊ लोक आदिवासी असलेल्या मोखाडा तालुक्यातल्या या परिषदेत तो मांडला, की त्याचा खरेपणा लगेच तपासता येतो. माझे म्हणणे एवढेच आहे : छापून आलेल्या संशोधनाचा नकाशा म्हणजे शुश्रूषेच्या कामाचा नकाशा नाही. या दोहोंत किती अंतर आहे आणि ते कुठे पडले आहे, हे दाखवणे हे नकाशा काढणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे. आणि आपल्याकडे त्याची सुरुवात आरोग्य उपकेंद्राच्या नोंदवहीपासून झाली पाहिजे.

हे नकाशे काढतात कसे, ते आधी थोडक्यात पाहू. ग्रंथव्यवहार मोजता येतो ही कल्पना आपल्याकडच्या एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ साली इंग्लंडमधल्या ग्रंथपालांच्या परिषदेत मांडली होती. १९६४ साली यूजीन गारफिल्ड यांची उद्धरण-सूची आली, कोणत्या लेखाने कोणाचा आधार घेतला हे शोधता येऊ लागले, आणि १९६९ साली ॲलन प्रिचर्ड यांनी या शास्त्राला आज रूढ असलेले ‘बिब्लिओमेट्रिक्स’ हे नाव दिले. आता संगणकाला हजारो लेखांची शीर्षके आणि बीजशब्द दिले, की ज्या दोन संज्ञा एकाच लेखात येतात त्यांच्यात तो रेघ ओढतो. जितक्या वेळा त्या एकत्र येतील तितकी रेघ जाड होत जाते, आणि पडद्यावर रंगीत पुंजके उमटतात. शुश्रूषेच्या अशा नकाशांत परिचारिकांचा मानसिक थकवा, नोकरीतील समाधान, रुग्णसुरक्षा, वृद्धांची निगा, कर्करोग, शुश्रूषा-शिक्षण हे पुंजके हमखास दिसतात. २०२० नंतर त्यात कोविडची भर पडली. चित्र देखणे असते आणि उपयोगीही. पण संगणकाला जे खाद्य दिले, त्याचेच ते चित्र असते. खाद्य येते ते मोठ्या आंतरराष्ट्रीय सूच्यांतून, आणि त्या सूच्यांचा मुख्य व्यवहार इंग्रजीत चालतो.

तरीही या सूच्यांचे मोल कमी लेखू नये. शुश्रूषा-साहित्याची जी सूची आज जगभर वापरतात, तिचा उगम लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयाच्या ग्रंथालयात आहे. एला क्रँडल या ग्रंथपाल बाईंनी १९४०च्या दशकात तिथल्या परिचारिकांसाठी लेखांच्या नोंदी पत्त्यांसारख्या कार्डांवर लिहायला सुरुवात केली. १९६१ साली ती सूची छापील स्वरूपात आली. परिचारिकांना लागणारे लेख वैद्यकाच्या सूच्यांत सहज हाती लागत नव्हते, म्हणून एका बाईने हाताने नोंदी केल्या, आणि त्यातून एका व्यवसायाला स्वतःची ज्ञानसंपदा दिसू लागली. नोंद ठेवण्याचे काम किती दूरवर पोचते, याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

या सगळ्या मोजणीतून जो निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो संगणक येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी १९५६ साली ‘नर्सिंग रिसर्च’ या नियतकालिकाच्या संपादकीयात विचारले होते की शुश्रूषेच्या प्रत्यक्ष कामावरचे संशोधन कधी होणार? तोवरच्या अभ्यासांत परिचारिका कोण, ती कशी शिकते, नोकरीत का टिकते वा का सोडते, यावरच भर होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस किती वेळाने बदलावी, यासारखे प्रश्न मागे पडले होते. हेंडरसन यांनी पुढे १९०० ते १९५९ या साठ वर्षांतल्या शुश्रूषाविषयक साहित्याची चार खंडांची सूची सिद्ध केली. म्हणजे विषयांचा नकाशा त्यांनी अक्षरशः वाचून काढला. आजच्या रंगीत नकाशांतही थकवा आणि समाधान हे पुंजके इतके ठळक असावेत, यावरून त्यांचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही हे दिसते.

आपल्या घरात काय आहे? भारतीय परिचारिकांचे ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ १९१० पासून निघते. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ सालचे, आणि नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ सालचे. एम.एस्सी. नर्सिंगला प्रबंधिका सक्तीची आहे, त्यामुळे दरवर्षी शेकडो विद्यार्थिनी संशोधन करतात. आता यातली कोणतीही प्रबंधिका उघडा. शीर्षक बहुधा एकाच साच्यातले असते : अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता, निवडक शहरातील निवडक भागात. आधी प्रश्नावली, मग तासाभराचे व्याख्यान, आठवड्याने पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढतात, आणि वाढ सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय ठरते. व्याख्यानानंतर लगेच विचारले तर गुण वाढणारच. ते ज्ञान तीन महिन्यांनी उरले का, त्याने आईच्या हातून काही वेगळे घडले का, हे विचारायला अवधी नसतो. विद्यार्थिनींना मी दोष देणार नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात परवानग्या, नैतिक समितीची मान्यता, वॉर्डातली कामे. अशा चिमटीत सापडलेली मुलगी ज्या रचनेने वेळेत पार पडता येते तीच निवडते. पण या प्रबंधिकांचा नकाशा काढला तर त्यात ‘ज्ञान’ नावाचा एक प्रचंड पुंजका दिसेल, आणि त्याच्या कडेला ‘निगा’ नावाचा एक बारीक ठिपका.

याच प्रबंधिकांत नमुन्याच्या निकषांत एक वाक्य ठरलेले असते : माहिती-संकलनाच्या वेळी जे उपलब्ध असतील, त्यांचाच समावेश. वाक्य निरुपद्रवी दिसते. मोखाड्यात ते काय करते, ते पाहा. भाताची आणि नाचणी-वरईची कापणी उरकली, दिवाळी झाली, की इथली कितीतरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी, वसई, वाड्याकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. होळीला येतात, पुन्हा जातात, आणि पावसाच्या तोंडाशी परततात. गरोदर बाई जाते, अंगावर पिणारे मूल जाते. जी आई वर्षाचे निम्मे महिने गावात नाही, ती माहिती-संकलनाच्या वेळी ‘उपलब्ध’ नसते, म्हणून ती नमुन्यात येत नाही. नमुन्यात नाही म्हणून निष्कर्षात नाही, निष्कर्षात नाही म्हणून बीजशब्दांत नाही, आणि बीजशब्दांत नाही म्हणून नकाशात तिचा ठिपकाही उमटत नाही. ज्या कारणाने तिचे मूल सर्वाधिक धोक्यात असते, नेमक्या त्याच कारणाने ती संशोधनातून गळते.

ती एका ठिकाणी मात्र सापडते. लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविकेच्या मांडीवर उघडी असलेली नोंदवही डोळ्यांपुढे आणा. नाव, वय, वजन, लसीची तारीख. शेजारी अंगणवाडीताई मुलाच्या दंडाला पट्टी लावून दंडघेर सांगते आहे. हिरवा, पिवळा, लाल. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली पट्टी लाल दाखवते आणि मूल तीव्र कुपोषित गणले जाते. हे सगळे आकडे रकान्यांत बसतात. शेवटी एक अरुंद रकाना उरतो, त्यावर छापलेले असते ‘शेरा’. तिथे सिस्टरने दोन-तीन शब्दांत लिहिलेले असते : भट्टीवर गेले. घर बंद. माहेरी. मूल आजीकडे ठेवले. ओढ्याला पाणी, पोचता आले नाही. महिनाअखेरीस अहवाल तयार होतो तेव्हा आकडे तालुक्याला, जिल्ह्याला, मुंबईला जातात. शेरा नोंदवहीतच राहतो. वही भरली की कपाटात जाते, आणि पुढे काही वर्षांनी रद्दीत.

माझ्या मते जव्हार-मोखाड्यातल्या शुश्रूषेचे सर्वांत मोठे अवाचित साहित्य त्या रकान्यात आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. त्यानंतर समित्या आल्या, योजना आल्या, पोषण पुनर्वसन केंद्रे आणि ग्राम बाल विकास केंद्रे आली, अमृत आहार आला. प्रत्येक वेळी ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनी दिले. ‘का’ आणि ‘कधी’ या प्रश्नांची उत्तरे मात्र बहुतेक वेळा शेऱ्यात होती. भट्टीवर जाण्यापूर्वी मुलाचे वजन किती होते आणि परतल्यावर किती भरले, एवढ्या दोन नोंदी एका ओळीत आणल्या तरी तो अभ्यास होतो. तोही व्याख्यानानंतरच्या गुणांपेक्षा कितीतरी मोलाचा.

छापून आलेल्या संशोधनाचीही एक अडचण आहे, ती वर्गवारीची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाला ऊब देणे, अंगावर पाजायला मदत करणे, श्वास मोजणे, वजन घेणे, आणि ठरलेल्या दिवशी घरी जाऊन पाहिलेले लिहून ठेवणे. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी ज्या भेटी देतात, त्यांचे मूळ या कामात आहे. आता सांगा, ऊब, पाजणे आणि श्वास मोजणे ही शुश्रूषा नाही तर काय आहे? पण लेख वैद्यकाच्या नियतकालिकात आला, म्हणून केवळ शुश्रूषेची नियतकालिके चाळून काढलेल्या नकाशात तो येत नाही. आपल्या शेजारच्या डहाणू तालुक्यात, कासा प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७०च्या दशकात डॉ. पी. एम. शाह यांनी माता-बाल आरोग्य आणि पोषण एकत्र गुंफणारा प्रकल्प चालवला. तोही पोषणाच्या पुंजक्यात जातो. आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाचे उदाहरण तर महाराष्ट्राच्या मनावर कोरलेले आहे. १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, परिचारिकांच्या पिढ्यांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची निगा राखली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात निकाल दिला तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाले नाही याची दखल घेतली गेली. बेचाळीस वर्षांत कूस कशी बदलली, भरवले कसे, पाळीतून पाळीत काय सांगितले गेले, हे शुश्रूषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात स्वतंत्र प्रकरण म्हणून शिकवण्याजोगे ज्ञान आहे. समाजाने त्याला सेवाभाव म्हणून वंदन केले. त्या वंदनात कौशल्य झाकले जाते, याची मला खंत वाटते.

याला काही आक्षेप घेतले जातील आणि ते योग्यच आहेत. पहिला असा, की नोंद म्हणजे संशोधन नव्हे. निकष, पडताळणी आणि समकक्ष तज्ज्ञांचे परीक्षण यांतून गेलेलेच ज्ञान नकाशात यावे, नाहीतर कुणाचेही काहीही त्यात शिरेल. हे मला मान्य आहे. शेऱ्याला लेखाचा दर्जा द्या, असे मी म्हणत नाही. संशोधनाचा प्रश्न शेऱ्यातून उचला आणि त्याला शास्त्राची सगळी शिस्त लावा, एवढीच माझी मागणी आहे. प्रश्न ग्रंथालयातून उचलला आणि उत्तर गावातून आणले, तर गाव फक्त नमुना पुरवते. प्रश्न गावातून उचलला तर गाव विचारात सहभागी होते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे : नोंदवह्या विश्वासार्ह नसतात. वरून दट्ट्या आला की आकडे टेबलावर बसून भरले जातात, मृत्यू दडपले जातात. ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने याच शतकाच्या आरंभी दाखवून दिले की महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. हे कटू आहे, पण खरे आहे. म्हणून वह्या बाजूला सारायच्या का? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात मृत्यूच्या निरनिराळ्या नोंदवह्या सापडल्या, आणि एकीचा आकडा दुसरीशी जुळत नव्हता. त्यांनी वह्या टाकून दिल्या नाहीत. त्यांनी रुग्णालयांसाठी एकसारखे नमुने तयार केले आणि १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे ठेवले. भारतातल्या गावांच्या स्वच्छतेविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार करणाऱ्या त्याच या बाई. जिच्या नोंदीला पुढे काही अर्थ येणार आहे, तिलाच ती खरी लिहावीशी वाटते. आपण लिहिलेले कुणी वाचत नाही, फक्त कमी भरले तर जाब विचारतात, हे कळलेली सेविका आकडा भरून मोकळी होते. आणि लक्षात घ्या, खोटा आकडा सहज लिहिता येतो. ‘मूल आजीकडे ठेवले’ हा शेरा कुणाच्या दट्ट्याने लिहिला जात नाही.

तिसरा आक्षेप समोर बसलेल्या आरोग्यसेविकांचा आहे. डोंगरी आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र, असा नियम. पाडे विखुरलेले, पावसात रस्ता नाही, बाळंतिणीला डोलीतून आणावे लागते. त्यात रिक्त पदे, त्यात मोबाइलवरच्या नव्या नव्या नोंदी. या बाईने आता संशोधनही करायचे? जगाचा विचार केला तरी २०२०च्या अहवालात जागतिक आरोग्य संघटनेने ५९ लाख परिचारिकांची तूट सांगितली होती. म्हणून सेविकेवर एक ओळही जास्त लिहिण्याचा भार टाकू नये, अशा मताचा मी आहे. तिने लिहून ठेवलेलेच आधी वाचायचे आहे. ते वाचण्याचे काम महाविद्यालयांचे. नाशिकहून, मुंबईहून येणाऱ्या विद्यार्थिनीने प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन यायच्या आधी एका उपकेंद्राच्या तीन वर्षांच्या वह्या सेविकेशेजारी बसून वाचाव्यात, शेऱ्यांची वर्गवारी तिच्याकडून समजून घ्यावी, आणि लेख झाला तर सेविकेचे नाव लेखकांत घालावे. आभाराच्या ओळीत तिची बोळवण करू नये.

खासगीपणाचा प्रश्न मात्र कोणत्याही उत्साहाने झाकता येणार नाही. चाळीस घरांच्या पाड्यात नाव गाळले तरी ‘चौथ्या खेपेची, भट्टीवर गेलेली’ म्हटले की कोण ते साऱ्या पाड्याला कळते. कातकऱ्यांसारख्या विशेष असुरक्षित गटाबाबत तर दुप्पट जपले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत अशा समूहांसाठी वेगळी काळजी सांगितली आहे; ती अक्षरशः पाळावी. गावपातळीचे तपशील तालुक्याच्या पातळीवर एकत्र करूनच छापावेत, आणि निष्कर्ष छापण्याआधी ते त्या पाड्यावर, वारली-कोकण्यांना समजेल अशा बोलीत, वाचून दाखवावेत.

भाषेविषयी एकच सांगतो. इंग्रजीत लिहू नका, असे कुणी म्हणू नये. जगाशी बोलायला ती लागतेच. पण प्रत्येक प्रबंधिकेला मराठीत दोन पानांचा सारांश आणि मराठी बीजशब्द जोडणे विद्यापीठाला अवघड नाही. ‘दंडघेर’, ‘उचल’, ‘भट्टी’, ‘डोली’, ‘बाळंतीण’ हे शब्द बीजशब्दांच्या यादीत आले, की त्या सारांशांवरून काढलेल्या नकाशात मोखाडा प्रथमच दिसेल. शोधगंगेसारख्या भांडारात पीएच.डी.चे प्रबंध मिळतात, तसे एम.एस्सी.च्या प्रबंधिकांचे, सारांशासह, सर्वांना खुले असे एक भांडार महाराष्ट्रात उभे राहिले पाहिजे. दुसऱ्या जिल्ह्यातल्या विद्यार्थिनीने तोच साचा पुन्हा गिरवण्याआधी तिथे डोकावले तरी पुष्कळ श्रम वाचतील.

परिषदेतल्या प्रत्येक महाविद्यालयाला माझी विनंती आहे. येत्या दिवाळीनंतर कुटुंबे भट्ट्यांकडे निघतील. त्याआधी खोडाळा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतले एक उपकेंद्र निवडा, रीतसर परवानगी घ्या, आणि जाणाऱ्या मुलांची वजने व दंडघेर नोंदवून ठेवणाऱ्या सेविकेशेजारी तुमची एक विद्यार्थिनी बसवा. होळीला ती मुले गावी येतील, तेव्हा त्याच विद्यार्थिनीला त्याच वहीसह पुन्हा पाठवा.